पत्रिकेपुरती इंजिनिअर

रविवारी शिवकन्या होस्टेलवरून फुलंब्रीला आली, की तिची आई आशाबाई आधी तिच्या डोक्याला तेल लावायच्या. आज भांग पाडताना त्यांचा हात थांबला. पोरीचे केस मुठीमुठीनं हातात येत होते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात ती दोन वर्षं अडकली होती. गणिताचा पेपर तिसऱ्यांदा राहिला. तेल लावून घेता घेताच तिनं सांगून टाकलं, की हे सोडून बी.ए. करायचं. इतिहास आणि पर्यटन. वेरूळला येणाऱ्यांना लेणी समजावून सांगायची. मागं मैत्रिणींना कैलास लेणं दाखवलं, तेव्हा चार अनोळखी माणसंही ऐकत मागोमाग फिरली होती. प्रवेशाची मुदत उद्यापर्यंत.

तिचे वडील बद्रीनाथ भडकले. तिच्या साखरपुड्याचा फ्लेक्स त्यांनी चौकात लावला होता. पोरीच्या नावापुढं ‘बी.ई. सिव्हिल’ छापून, पास व्हायच्या आधीच.

"आता काय पेंटर लावून खोडू व्हय ते?"

शिवाय होणारे व्याही नानासाहेब. त्यांनी बोलणीत हुंड्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. फक्त इंजिनिअर सून द्या, म्हणाले होते. एवढा भला माणूस दुखवायचा कसा?

शिवकन्यानं वाद घातला नाही. तिनंच नानासाहेबांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि बी.ए.चं सांगून टाकलं.

ते गोडच बोलले. नोकरी कुठं करायचीय, घरात काय कमी आहे, लग्नानंतर पेपर दे, पण तेवढी डिग्री घे.

आशाबाई व्याह्यांशी कधी बोलल्या नव्हत्या. तेलकट हातानं त्यांनी फोन जवळ ओढला.

"नोकरी करू द्यायची नाय, तर मग इंजिनिअर कशाला पाहिजे हो भाऊ?"

"चार पाहुण्यांत सांगाया लागतं, ताई. भावकीत सगळ्यांच्या सुना डॉक्टर नाय तर इंजिनिअर." मग आवाज जरा खाली आला. "बी.ए.वालीच करायची असंल, तर बोलणी पुन्यांदा बसून करू. मग देण्याघेण्याचं बी बघावं लागंल."

बद्रीनाथ भिंतीला टेकून ऐकत होते. इतके दिवस ज्याला ते भलेपणा समजत होते, तो हुंडाच होता. फक्त तो बापानं नाही, पोरीनं भरायचा होता. रोज थोडा थोडा, झोप मोडून, जीव जाळून.

त्यांनी फोन उचलला. "आम्हाला बसायचं नाय, नानासाहेब. राम राम."

घरात आनंद वगैरे झाला नाही. साखरपुडा मोडलेली पोर म्हणून उद्या गाव बोलणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. बद्रीनाथ चिडलेलेच होते. व्याह्यांवर, गणितावर, सगळ्यात जास्त स्वतःवर.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"आठच्या एस्टीनं."

"मी येतो संगं." मग तिच्याकडं न बघता, "अन् ह्या बी.ए.त बी नापास झालीस तर?"

"तर पुन्हा पेपर देईन, आबा."

"दे. लई वेळा दे. पण तुझ्यासाठी दे."