खोचलेली फीत

मित्रांनो, मी एक जुनी कयाक आहे. एकट्या माणसापुरती निमुळती होडी. टेम्पोवर बांधून मला सोलापुरात आणलं, तेव्हा नवी पेठेत एक रिक्षावाला ओरडला, "नळाला पानी न्हाय, अन् ह्यास्नी होडी पायजे व्हय!" पुढं दोन वर्षं मी शेडमध्ये पालथी पडले. मग पूरबचावाचं शिक्षण देणाऱ्या कुंडलिक सरांनी घासूनपुसून मला मंद्रूपजवळच्या तलावात उतरवलं.

तिथं पूरबचाव पथकासाठी अंकिता शिकायला आली. मेंढपाळांची पोर, पोहण्यात पटाईत. पण तिची आई बजाबाई म्हणाली होती, "उलटल्यावर कशी भाईर येतीस ते माज्या डोळ्यानं बघीन. मगच व्हय म्हनीन."

त्या सकाळी बजाबाई आली. अंकिता माझ्यात बसली. पाणी आत येऊ नये म्हणून तिनं कमरेला घातलेला रबरी पडदा माझ्या बसायच्या खोबणीच्या कडेला घट्ट बसवला. त्याला पुढं लाल फीत असते. उलटलं की ती ओढायची, म्हणजे पडदा सुटतो. सर पाण्यात उतरत होते, त्यांची आमच्याकडे पाठ होती. "ह्ये लोंबतंय कशाला? अडकंल कुटंतरी," म्हणत बजाबाईनं पदर खोचावा तशी फीत आत खोचली. अंकिताचं लक्ष सरांकडे होतं. मी पाहिलं, पण मला वाचा कुठली!

सरांनी खूण केली आणि अंकिता मला घेऊन मुद्दाम उलटली. डोकं पाण्यात, पाय माझ्या पोटात. हात पुढं गेला. फीत नाही. पुन्हा चाचपडला. नाहीच. माझा जीव टांगणीला लागला. मदत हवी असेल तर माझ्या बुडावर तीन थापा मारायच्या होत्या. एक पडली. सर झेपावले. दुसरी पडलीच नाही.

सर पोचायच्या आत तिचे हात माझ्या कडेनं सरकत कमरेपाशी आले. तिथं पडदा चिमटीत धरून तिनं जोरात ओढला. तो सुटला, आणि अंकिता खोकत वर आली.

बजाबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली होती.

"आई, फीत आत हुती."

"म्याच खोचली गं ती," बजाबाई रडू लागली. संपलं, मला वाटलं. आता ही पोरीला घरी नेणार.

तिनं डोळे पुसले. "बस पुन्यांदा. म्या हितंच हुबी हाय." या वेळी फीत बजाबाईनं स्वतः बाहेर काढली, दोनदा ओढून पाहिली.

मित्रांनो, मला ओरखडे पडले तरी चालतील. पण पाण्यात उतरण्याआधी ती फीत हातानं चाचपून बघा. घाई करू नका. माझ्यात बसलेलं माणूस कुणाचं तरी लेकरू असतं, आणि मला ते बाहेर काढता येत नाही.