दोन पेरांचा सेनापती

धाकटी सकाळपासून एका जागी म्हणून बसली नव्हती. खुर्चीवरून उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत येऊन भिंगातून डोकवायची. भिंगाखाली करंगळीच्या दोन पेरांएवढा सेनापती उभा होता आणि त्याच्या हातात तिने आयुष्यात पहिल्यांदाच खऱ्या मापाने घडवलेली तलवार होती.

या कारखान्यात पटावरच्या लढाईचे सैनिक बनतात. चांगली बाप्येमाणसं टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फासे टाकून हे सैनिक लढवतात आणि त्याआधी महिनोन्महिने त्यांना रंगवत बसतात. मूळ बाहुला धाकटी घडवते. त्यावरून रबराचा साचा होतो, साच्यात धातू ओतला की त्याच चेहऱ्याचे हजार भाऊ तयार. यात एक लबाडी सगळेच करतात. तलवार मापाने केली तर केसाएवढी होते. धातू टोकापर्यंत पोचत नाही, पोचलाच तर पहिल्या डावात मोडतो, आणि हातभर अंतरावरून ती दिसत तर नाहीच. म्हणून तलवारी करायच्या रुंद, जाडजूड, सैनिकाच्या मांडीएवढ्या. गिऱ्हाइकांना त्या आवडतात. धाकटीलाही आवडायच्या, खोटं कशाला बोला.

आवडत नव्हत्या त्या एकट्या बाबांना. त्यांनी एकतीस वर्षं संग्रहालयात खऱ्या तलवारींचा गंज काढला होता. धाकटीने नोकरीला लागल्यावर पहिला शिपाई मोठ्या हौसेने दाखवला, तर म्हणाले, "हा लढायला निघालाय की होडी वल्हवायला?" पुढच्या अठरा वर्षांत शब्द बदलले, मत बदललं नाही. लोकांचे बाप तोंडदेखलं का होईना, लेकीचं कौतुक करतात. या गृहस्थांना तेवढंही जमेना.

म्हणून या खेपेला ती हट्टाला पेटली. पोलादी तार ठोकून, घासून पातं केलं. मुठीशी रुंद, पुढे निमुळतं होत गेलेलं, मधोमध उभी खोबण. नऊ दिवस गेले त्यात. मालकीणबाईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे गं. आता ही काढ आणि तीनपर्यंत जाड लाव. साडेतीनला साचा करायला घेतायत."

"एकदा घरी दाखवून आणू का? बाबांना दाखवायचाय."

"साचा झाल्यावर दाखव की."

"तेव्हा ही तलवार नसेल."

मालकीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "तीन म्हणजे तीन."

शेवटी काढायचीच आहे म्हणून तलवार गोंदाच्या एका ठिपक्यावर टेकवलेली होती. धाकटीने सेनापती कापसात गुंडाळला, डबीत घातला आणि बस पकडली. बसमध्ये जागा होती तरी ती उभीच राहिली. दर थांब्यावर तिला वाटे की हा ड्रायव्हर मुद्दाम रेंगाळतोय. बाबा म्हणाले 'बरी आहे', तर? परत वल्ह्यावर आले, तर? बेचाळीस वर्षांची बाई, आणि डबी छातीशी घट्ट धरलेली.

बाबा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. "या वेळेला कशी गं?"

"हे बघा आधी." तिने सेनापती त्यांच्या हातात ठेवला. त्यांचा चेहरा बघण्याचं धाडस होईना, म्हणून ती दारापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालू लागली. बाबांनी सेनापती उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"वा," ते म्हणाले. "याला म्हणतात तलवार. पातं बघ कसं उतरलंय. जमलं तुला."

अठरा वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टाकला, ते आलं. धाकटी वळली, आणि जागच्या जागी थांबली. सेनापतीची मूठ रिकामी होती.

तिने डबी उघडली. तलवार कापसात अडकून पडली होती, बहुतेक बसच्या धक्क्याने सुटलेली. मग तिने बाबांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. नजर सेनापतीवर नव्हतीच, त्याच्या बाजूने कुठेतरी जात होती. गेले कित्येक दिवस ते म्हणत होते, चष्मा सापडत नाही, पेपर तूच वाच. तिला तो आळस वाटला होता.

"बाबा, दिसतंय ना तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं?" ते करवादले. मग सेनापती त्यांनी मांडीवर ठेवला. "उजेड दिसतो. माणूस दिसतो, चेहरा नाही. चार महिने झाले. तुझ्या मागे आधीच रगाडा, म्हटलं आणखी घोर कशाला."

"मग तलवार कशी दिसली?"

"वल्ही आणायचीस तेव्हा समोर ठाण मांडून भांडायचीस माझ्याशी. आज तुला बसवेना. म्हटलं, पोरीला जमलं असणार."

धाकटीला संताप आला. चार महिने डॉक्टरकडे न गेल्याचा आला, लपवल्याचा आला आणि सगळ्यात जास्त आला तो त्या 'वा'चा. अठरा वर्षांनी मिळालं तेही अंदाजपंचे. डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"हातात नाहीये ती तलवार," ती म्हणाली. "सुटून डबीत पडली होती. ही घ्या." चिमट्याने उचलून तिने ते पातं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

बाबा ओशाळले. डाव्या हाताच्या दोन बोटांत त्यांनी ती तार पकडली आणि उजव्या अंगठ्याचं नख मुठीकडून टोकाकडे हळूच ओढत नेलं. पातं उलटलं. पुन्हा ओढलं. लहानपणी त्यांना कामावर बघताना दिसायचा तो चेहरा परत आला होता, कपाळाला आठी आणि ओठ घट्ट मिटलेले.

"खोबण पार टोकापर्यंत नेलीस," ते म्हणाले. "चुकलीस. अलीकडेच थांबायला हवी होती. अशी तलवार पहिल्या वाराला टोकाशी वाकते."

खरंच चुकलं होतं. भिंगातूनही तिला ते दिसलं नव्हतं, आणि मालकीणबाईंनाही नाही. धाकटी त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर फतकल मारून बसली. सकाळपासून पहिल्यांदाच ती एका जागी बसली होती. तीनला दहा कमी होते आणि पर्समधला फोन वाजून वाजून बंद झाला.

"सांगा," ती म्हणाली, "अजून काय चुकलंय?"