मस्कत ते पनवेल

अमिरुन्निसाच्या नवऱ्याने पहाटेच्या बांगेआधी, पनवेलच्या राहत्या घरी डोळे मिटले. उजाडेपर्यंत बाहेरच्या खोलीत सगळं ठरूनही गेलं. मयताच्या घरी बायकांनी रडायचं आणि पुरुषांनी ठरवायचं, ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण तिचा थोरला दीर अब्दुल्ला ती अगदी मनापासून पाळत होता.

"अमन रत्नागिरीवरून निघतोय," त्याने जाहीर केलं. अमन त्याचाच मुलगा. "तो येईपर्यंत थांबू. पाचला, असरच्या नमाजनंतर दफन."

"आणि माझी जास्मीन?" अमिरुन्निसाने पडद्याआडून विचारलं. जास्मीन तिची एकुलती एक लेक, मस्कतला नर्स होती.

"तिला मी फोन केला, येऊ नको म्हणून. परदेशात हाय ती. मय्यत किती वेळ ठेवणार? तिथूनच दुआ कर म्हटलं."

अमिरुन्निसाचं रडणं जागच्या जागी थांबलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिच्या नवऱ्याने वीस वर्षं मस्कतला नोकरी केली होती. तो तिकडे विमानात बसला की ही इकडे मटण धुवायला घ्यायची, आणि तो दारात येईतो जेवण तयार असायचं. आणि हा माणूस तिला परदेश शिकवत होता!

तिने जास्मीनला फोन लावला. पोरगी हुंदके देत म्हणाली, "चाचा म्हणाले, पोचणार नाय."

"चाचा कधी विमानात बसलेत? तिथल्या दहाचं, म्हंजे आपल्या साडेअकराचं विमान पकड. तू बापाचं तोंड बघितल्याबिगर जनाजा हलणार नाय, ही माझी जबान."

मग पडदा सारून ती सरळ बाहेर आली. पुरुषांनी माना खाली घातल्या.

"भाईजान, मस्कतवरून विमानाला पावणेतीन तास. विमानतळावरून घरी यायला दोन धरा. रत्नागिरीवरून गाडीला किती लागतात?"

"बायकांनी असं बाहेर येऊन..."

"किती लागतात?"

"सहा-सात," कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं. अब्दुल्लाने त्याच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

सव्वाचारला टॅक्सी दाराशी थांबली. जास्मीन हॉस्पिटलच्या पांढऱ्या बुटांतच आली होती. बापाच्या तोंडावरचं कफन बाजूला करून तिने कपाळावर हात ठेवला आणि टाहो फोडला. सकाळपासून ताठ बसलेली अमिरुन्निसाही तिच्याजवळ बसून पोटभर रडली.

असरची नमाज झाली. अमन मात्र दुपारपासून माणगावला गाड्यांच्या रांगेत अडकला होता. अजून दोन तास तरी लागतील, असा त्याचा फोन आला. अब्दुल्ला उठला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "चला, उचलू या."

"का?" अमिरुन्निसाने डोळे पुसले. "बसा, भाईजान. त्यालाही चाचाचं तोंड बघू दे. आमी थांबतो. बिचारा पार रत्नागिरीवरून येतोय."