समुद्रावरची मोजणी

ऑगस्ट आला की मला माणसांचा वीट येतो. उन्हाळाभर डब्लिनच्या मुली आमच्या किनाऱ्यावरच्या गावात आयरिश शिकायला येतात आणि माझ्या घरी राहतात. त्यांचे ओले टॉवेल, त्यांची रुसणीफुगणी, बादलीभर बटाटे सोलणं. कंबरेचा पार काटा ढिला होतो.

या खेपेला आल्वा होती. तिला आकडे काही केल्या जमेनात. आमच्या आयरिशमध्ये माणसं मोजायचे शब्द निराळे, वस्तूंचे निराळे. ही मैत्रिणींनाही बशांचेच आकडे लावायची.

"अगं, मुली मोजतेस की मेंढ्या?" मी म्हणायचे.

"मेंढ्या बऱ्या, बाई. त्या हसत तरी नाहीत," ती म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तिचे आजोबा इथलेच, पलीकडच्या गावचे. मेंदूचा झटका आल्यापासून त्यांचं इंग्रजी गेलं, आयरिश तेवढी उरली. घरात त्यांच्याशी बोलायला कोणी नाही, म्हणून ही आलेली. पण वर्गाचा नियम कडक होता. इंग्रजी बोलताना तिसऱ्यांदा सापडलं की घरी रवानगी. आल्वा दोनदा सापडून चुकली होती.

त्या दुपारी मीही मुलींबरोबर किनाऱ्यावर होते. पोहून झाल्यावर डोकी मोजायची पाळी आल्वाची होती. तिने मोजली, परत मोजली आणि चक्क इंग्रजीत किंचाळली, "एक कमी आहे! फिया नाहीये!"

मी बुटांसकट पाण्यात धावले. मास्तर कोलमनने बचाव बोटीला फोन लावला. फिया किनाऱ्याच्या टोकापलीकडच्या खडकावर रडत बसली होती, चहूकडून भरतीचं पाणी. थोडा उशीर झाला असता तर खडक बुडालाच असता. बोटीने तिला आणलं तेव्हा ती थंडीने निळी पडली होती, पण धडधाकट होती.

संध्याकाळी कोलमन माझ्या स्वयंपाकघरात आला. मला वाटलं, आल्वाची पाठ थोपटायला आला असेल.

"तिला उद्याच्या बसने पाठवावं लागेल," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "सगळ्यांनी तिचं इंग्रजी ऐकलंय, बारब्राबाई. आज सोडलं तर उद्या माझं कोण ऐकेल?"

आल्वा जिन्यात उभी होती. "मग आजोबांशी कोण बोलणार?" ती म्हणाली. अडखळत, पण आयरिशमध्ये.

माझं डोकं फिरलं. भांडायला उभं राहायचंही त्राण नव्हतं, म्हणून बसूनच बोलले.

"कोलमन, बोटीला फोन केलास तो कुठल्या भाषेत रे?"

त्याने टेबलावरची टोपी उचलली.

"मला पाण्यात ऐकू येत होतं. एक शब्द आयरिश नव्हता."

"बाई, पोरीचा जीव चालला होता! तेव्हा भाषा कोण बघतं?"

बोलला आणि स्वतःच थांबला.

"मग उद्या तुम्ही दोघं मिळूनच जा," मी म्हटलं. "वाटेत खायला सँडविच बांधून देते."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग जिन्याकडे न बघता म्हणाला, "आल्वा, सकाळी वर्गाला उशीर करू नकोस."

तो गेला आणि मला रडू कोसळलं. दमले होते, दुसरं काय.