चौथा नंबर

"मशीनमध्ये अजून सूप नाही आलेलं," दिगंबरकाका म्हणाले आणि त्यांनी लेमन टीचं बटण दाबलं. गार कॅन माझ्या हातात देत म्हणाले, "आधी पिऊन घे. मीटिंगला दहा मिनिटं आहेत."

काकांनी मशीनमधून काही घेऊन दिलं, की त्याचा अर्थ सेंदाईच्या आमच्या ऑफिसात सगळ्या मराठी पोरांना ठाऊक होता. थंडीत ते कॉर्न सूपचा गरम कॅन घेत. "स्वप्निलला सूप पाजलं" एवढं कुणी म्हटलं, की बाकीचे मुकाट्याने आपापल्या स्क्रीनकडे वळत. स्वप्निलचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, एवढाच त्याचा अर्थ.

काका आमचे ब्रिज इंजिनिअर होते. गिऱ्हाइकाचं जपानी ऐकून पुण्याच्या टीमला सांगायचं, पुण्याचं ऐकून गिऱ्हाइकाला सांगायचं आणि दोन्हीकडची बोलणी खायची. वय एकोणपन्नास. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं, तर म्हणाले, "काका म्हण. हे केस काय उगाच गेलेत?" या कामाला चिकटून आणखी एक काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. कुणाला परत पाठवायचं ठरलं, की आमचे मॅनेजर कुमागाई-सान त्याला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावत आणि दुभाषा म्हणून काकांना. पोरगं मधल्या खुर्चीत, काका बाजूच्या. कुमागाई-सान भला माणूस, पण कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. मुदत वाढवून मागितली, की ते टेबलाकडे बघत म्हणत, "बघू, विचार करू."

"ते 'बघू' म्हणाले, की आपण पोराला 'नाही' सांगायचं," काकांनी मला शिकवलं होतं. "'बघू' सांगितलंस तर ते रोज मेल उघडून बसतं. महिनाभर. मी पाहिलंय एकाला. त्यापेक्षा एकदाच रडू दे."

त्या दिवशी काका मला धीर द्यायला आले होते. त्यांची समजूत अशी, की आज मधल्या खुर्चीत मी बसणार.

मला मात्र खरं काय ते दोन आठवड्यांपासून ठाऊक होतं. कुमागाई-सानांनी मला बोलावून सांगितलं होतं, की ऑक्टोबरपासून ब्रिजचं काम तुमच्याकडे, दिगंबर-सानांना तसं सांगायच्या मीटिंगला तुम्ही हजर राहायचं, आणि तोवर हे कुठे बोलायचं नाही. मी बोलले नाही. याला शिस्त म्हणता येईल. मी स्वतः भित्रेपणा म्हणते. लेमन टी मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

काका मला रमवायला बेसबॉलवर बोलू लागले. दुसरं काय बोलणार? हा माणूस पुण्यात तीस वर्षं क्रिकेट बघत जगला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर सेंदाईच्या ईगल्सच्या नादी लागला. मी त्या टीमचा इतिहास इतक्यांदा ऐकलाय, की झोपेतही सांगेन. पश्चिमेकडच्या दोन जुन्या टीम जोडून एक केली. त्या जोडटीमने चांगले चांगले खेळाडू आधी निवडून घेतले. उरलेले एका इंटरनेट कंपनीने उभ्या केलेल्या नव्या टीमच्या वाट्याला आले. दोन हजार पाचच्या मार्चमध्ये चिबाला पहिली मॅच झाली आणि ही उरलेल्यांची टीम चक्क जिंकली. काका तेव्हा चिबाजवळ उरायासुला राहत. जिंकणारी टीम बघावी म्हणून दुसऱ्या दिवशी रविवारी लेकीला, नुपूरला घेऊन गेले.

"सव्वीस-शून्य!" ते आत्ताही तसेच हसले. "सव्वीस-शून्य हरले गं! नुपूर म्हणाली, बाबा, घरी जाऊ या. मी म्हटलं, थांब, आता उठलो तर त्यांना काय वाटेल?"

त्या वर्षी टीम सत्त्याण्णव मॅच हरली. उन्हाळ्यात काकांची बदली सेंदाईला झाली, तेव्हा सुलेखाकाकू म्हणाल्या म्हणे, "चला, तुमच्या माहेरी."

ऑफिसात एक रिवाज होता. मार्चअखेर प्रत्येकाने सहा टीमचे अंदाजी नंबर कार्डावर लिहायचे. कुमागाई-सान ती कार्डं खाकी पाकिटात घालून त्यावर शिक्का मारत आणि ऑक्टोबरपर्यंत पाकीट लोखंडी कपाटाला चुंबकाने लावून ठेवत. ज्याचे अंदाज सर्वांत बरोबर, त्याला ग्यूतान, म्हणजे गाईच्या जिभेचं जेवण. काका अंडंसुद्धा खात नसत. त्यामुळे त्यांना जिंकायची घाई नव्हती. सीझनबद्दल बाकीचे पेपर वाचून चर्चा करत, अठरा वर्षांचा नवा पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, काय करील यावर वाद घालत, आणि शेवटी ईगल्सना पाचवा नाहीतर सहावा नंबर देत. काका दर वर्षी चौथा लिहीत. सहामध्ये चौथा. मी एकदा विचारलं, चौथाच का?

"पहिला लिहिला तर खुशामत होईल," ते म्हणाले. "चौथा म्हणजे मागे दोन जण तरी असतात. माणसाला तेवढं पुरतं."

आता ते घड्याळ बघून उठले. "चल. आणि घाबरू नकोस. तुला तर कुठेही नोकरी मिळेल. मलाच मार्चपर्यंत रेटायचंय. नुपूरचं सहावी संपल्याचं सर्टिफिकेट हातात पडलं, की मग जगात कुठेही पाठवा म्हणावं."

नुपूरच्या जपानी शाळेत मार्चमध्ये निरोपाचा समारंभ असतो. एकेकाचं नाव पुकारतात, मूल उभं राहून "हाय", म्हणजे हजर, म्हणतं आणि स्टेजवर जातं. नुपूर घरी त्याची तालीम करायची. सहा वर्षांत तीन गावं आणि तीन शाळा झालेली पोर ती. तिला आपलं नाव एकदा शेवटपर्यंत कुठल्यातरी यादीत हवं होतं.

मीटिंग रूममध्ये काकांनी माझ्यासाठी मधली खुर्ची ओढली आणि स्वतः बाजूला बसून वही उघडली. कुमागाई-सान क्षणभर गोंधळले. मी उठून त्या दोन खुर्च्यांची अदलाबदल करायला हवी होती. मी बसून राहिले.

कुमागाई-सान टेबलाकडे बघत बोलू लागले. सवयीने काका माझ्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात मराठीत सांगू लागले. "ते म्हणतायत, आजवर फार कष्ट घेतलेत. त्याबद्दल आभारी आहेत. पुढच्या महिन्यापासून रचना बदलतेय. सेंदाईतली दोन वर्षं..."

ते थांबले. मला सेंदाईत येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

वहीतलं पेन तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. मला आधीपासून ठाऊक होतं, हेही कळलं. माझं तोंड लाजेने जळत होतं.

मग ते मराठीत म्हणाले, "तूच विचार त्यांना. मार्चपर्यंत म्हणावं. पोरीच्या शाळेचं सांग. दुसऱ्यांसाठी खूपदा मागितलं गं, स्वतःसाठी माझं जपानी चालत नाहीये."

मी सांगितलं. मला येत होतं तेवढं सगळं जपानी ओतून सांगितलं. कुमागाई-सानांचे डोळे लाल झाले. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "बघू. विचार करू."

काकांना माझ्यापेक्षा चांगलं जपानी येत होतं. तरी ते माझ्याकडे वळून वाट बघत राहिले.

"बघू म्हणतायत," मी म्हणाले.

"नीट सांग," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, शिकवतानाचाच आवाज होता. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले, काका."

"हं. आता बरोबर." त्यांनी वही मिटली, उठून कुमागाई-सानांपुढे कमरेतून वाकले आणि दार हळू लावून बाहेर गेले.

सप्टेंबर संपला तशी ती तिघं गेली. स्टेशनवर सुलेखाकाकूंनी माझा हात धरून विचारलं, "शाळेत विचारशील का गं? मार्चमध्ये निदान नाव तरी पुकारतील का तिचं? आम्ही नसलो तरी." नुपूर पलीकडे माझ्याकडे पाठ करून बॅगेवर बसली होती.

ऑक्टोबरमध्ये सीझन संपल्यावर पाकीट फोडलं. ईगल्स चौथे आले होते. तसं लिहिलेलं कार्ड एकाचंच होतं. कुमागाई-सानांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "अश्लेषा-सान, त्यांना कळवा," एवढंच म्हणाले. त्या वर्षी ग्यूतानला कुणी गेलं नाही.

दुपारच्या सुट्टीत मी मशीनपाशी उभी राहून पुण्याला फोन लावला. तिथे सकाळ होती. नुपूर घरीच होती. वर्ष अर्धं सरल्यावर कुठली शाळा घेणार?

"चौथे?" काका ओरडलेच. "आणि शेवटी कोण?"

"ती जोडटीम. निवडून घेतलेल्यांची."

ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "अरेरे."

मग मी शाळेचं सांगितलं. बाई फार हळहळल्या, पण शाळा सोडली त्या दिवशी नुपूरचं नाव पटावरून कमी झालंय. पटावर नाही ते नाव पुकारत नाहीत. मी फिरवून बोलले नाही. "नाही, काका," म्हटलं.

"बरं केलंस, स्पष्ट सांगितलंस," ते म्हणाले.

मागून नुपूरचा आवाज आला. ती जपानीत काहीतरी घाईघाईने विचारत होती. काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला असावा, पण नीट झाकला गेला नव्हता. मला सगळं ऐकू आलं.

"बघू म्हणते ती," त्यांनी तिला सांगितलं. "विचारून बघते म्हणते."