कोऱ्या गाडग्यातलं दही

हैबतबाबाने लाल फडकं ओढलं आणि गडब गावच्या मांडवात एकच गजर उठला. रात्री सगळ्यांदेखत कोऱ्या गाडग्यात ओतलेलं दूध सकाळी घट्ट दही झालं होतं. विरजण नाही, काही नाही, नुसता मंत्र!

"दूध म्हशीचं, दही देवीचं!" बाबा गरजला. "पोटातला रोग धुऊन निघंल! पन डॉक्टरची गोळी खाल्ली का देवी रुसली. आनि दह्यात चांगले जंतू असतात, हे मी नाय, शिकलेली रोहिणीबाय म्हनते!"

मांडवाच्या कडेला उभी रोहिणी हे ऐकत होती. वाक्य तिचंच होतं. टायफॉईडच्या गोळ्यांनी पुतणी भूमिकाला जुलाब लागले, तेव्हा तिने थोरल्या जावेला, मैनाला, फोनवर घाईत सांगितलं होतं, 'दही दे, त्यात चांगले जंतू असतात.' गोळ्या मात्र थांबवू नकोस, हे सांगायचं राहून गेलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून रोह्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईकडून राहून गेलं! ताप उतरताच मैनाने गोळ्या बंद केल्या, रोहिणीचं वाक्य बाबाला सांगितलं आणि त्याचं दही धरलं. आता ताप परतला होता. भूमिका आईच्या खांद्यावर मलूल पडली होती.

"ताई, हिला पेणला दवाखान्यात नेऊ या." काल दुपारपासून रोहिणी हेच विनवत होती.

"नि देवी कोपली तर? तू भरून देनार हायस काय गो?"

रोहिणी पुढे झाली. पिशवीतून तिने दोन गाडगी काढली. "दोन्ही कोरी, पेणच्या बाजारातली. रात्री दोन्हींत एकाच भांड्यातलं कोमट दूध ओतलं. मंत्र कुणीच म्हटला नाही."

तिने पहिलं उलटं केलं, दूध सांडलं. दुसरं उलटं केलं; घट्ट दही जागचं हललं नाही.

"ही पन देवीचीच किरपा!" बाबा ओरडला.

"नाही, ताकाची. दुसऱ्याला आतून ताक चोळून सावलीत वाळवलं होतं. वाळलेलं ताक डोळ्यांना दिसत नाही, पण कोमट दूध पडलं की त्यातले जंतू कामाला लागतात. तुमचं गाडगं उकळत्या पाण्यात बुडवून देते. मग म्हणा मंत्र."

बाबाने गाडगं पोटाशी धरलं. "विटाळ व्हतो!"

"आगो बाय!" म्हातारी जनी म्हणाली. "बाबाच्या गाडग्याला आंघोळीचं वावडं!"

मांडव हसला. मैना हसली नाही. "म्हंजे दही खोटं?"

"दही खरं, ताई. आपल्या आतड्यांत असंख्य जंतू नांदतात. बरेचसे पचनाला मदत करतात. गोळ्या रोगाचे जंतू मारतात, त्यात चांगलेही मरतात, म्हणून पोट बिघडतं. दह्याने थोडा आराम पडू शकतो. पण टायफॉईडचे जंतू दह्याने मरत नाहीत. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या आणि ते मागे उरले." "बाबाने फसवलं, पण फसवायला वाक्य मी दिलं."

"मंग येवढं तवाच का नाय सांगितलंस? मला कललं नसतं असं वाटलं तुला?"

रोहिणीला तसंच वाटलं होतं.

मैनाने लेकीला सावरलं आणि मांडवाकडे वळली. "बायांनो, तुमच्या घरीबी गोळ्या पडल्यात नं? जा, डॉक्टरला इचारा, कललं नाय तर परत इचारा. बाबाचं आयकू नका, नि हिचं अर्धं बोलनंबी नको."

रोहिणीला ते लागलं, आणि पटलंही. भूमिकाला पेणला न्यायला रिक्षा थांबवावी म्हणून ती हायवेकडे धावली.