गुब्यो ते नंदी

१९६१च्या उन्हाळ्यात उपेंद्र चांदोरकरला इटालियन शिकण्याचा हुकूम झाला. जालहळ्ळीच्या ज्या कारखान्यात तो नोकरीला होता तिथं इटलीहून एक ग्राइंडिंग मशीन यायचं होतं. मशीन बसवायला बेल्लुची नावाचे इंजिनियर येणार होते आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मॅनेजरांनी सगळ्या इंजिनियरांच्या फायली चाळल्या आणि उपेंद्रला निवडलं, कारण मॅट्रिकला त्याला संस्कृतमध्ये ब्याऐंशी मार्क होते.

उपेंद्र मूळचा साताऱ्याचा. बायको सुलभासह तो मल्लेश्वरमला राहायचा आणि रोज सायकलनं कारखान्यात जायचा. अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला इटालियन-इंग्रजी शब्दकोश मिळाला. वाचायला इटालियन मजकूर मात्र कुठंच मिळेना. तो शब्दकोशच पाठ करू लागला. पहिलं अक्षर संपायला तीन आठवडे लागले.

यशवंतपूरला नागनाथ नावाच्या निपाणीकडच्या माणसाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढून घेताना उपेंद्रनं त्याला आपली अडचण सांगितली. नागनाथनं चाक खाली ठेवलं, हात पुसले आणि आतल्या पत्र्याच्या पेटीतून एक वही आणली.

"हे बघा, चालतंय काय."

वही पेन्सिलीनं लिहिलेली होती. अक्षर बारीक आणि नेटकं.

"अण्णा, ही कुठली?"

"लढाईत जालहळ्ळीला इटालियन कैद्यांची छावणी होती की. तिथं मी सुतारांच्या हाताखाली होतो. त्यात एक रेनातो होता. चाकाचा बाक काढायला मला त्यानं शिकवलं. सुटून जाताना ही दिली."

"त्यानं का नाही नेली?"

"त्याच्या गावच्या रस्त्यांची वही हाय म्हणाला. आता तिथंच चाललाय म्हटल्यावर वही कशाला लागतीय त्याला?"

उपेंद्रनं वही घरी नेली. रेनातो गुब्यो नावाच्या जुन्या डोंगराळ गावचा होता, आणि छावणीत बसून त्यानं गुब्योभोवतीचे सायकलनं जाण्याचे अकरा रस्ते आठवून लिहून काढले होते. पहिला असा होता : 'सकाळी सहा वाजता रोमन दरवाज्यातून निघा. घळीत वारा समोरून येतो. उजवीकडे झरा आहे, तिथं पाणी भरून घ्या. मग चार किलोमीटर चढ. बोलू नका. वर पोचल्यावर ब्रेड आणि मेंढीच्या दुधाचं चीज. उतारावर डावीकडे पाद्रीबाबांचा कुत्रा आहे, तो चावतो.'

तीन महिन्यांत उपेंद्रचे अकराही रस्ते तोंडपाठ झाले. संध्याकाळी व्हरांड्यात फेऱ्या घालत तो ते म्हणायचा. शेजारच्या बाई सुलभाला म्हणाल्या, "तुमचे यजमान कुठलं स्तोत्र म्हणतात? ऐकायला फार बरं वाटतं."

"रुद्रासारखंच आहे काहीसं," सुलभानं सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये बेल्लुची आले. उंच, टकले, मितभाषी गृहस्थ. मॅनेजरांसमोर उपेंद्र पुढं झाला आणि त्यानं जवळ होतं त्यातलं सर्वांत योग्य वाक्य निवडलं : "रस्ता चांगला आहे, पण पुढे चढ आहे."

बेल्लुचींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

काम मात्र अडलं नाही. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, थांबा, पाणी, तेल, इथे काळजी घ्या, एवढ्या शब्दांत मशीन बसतं असं दिसून आलं. मशीनचा खालचा बेड किंचित तिरका बसला तेव्हा उपेंद्र म्हणाला, "शेवटी थोडा चढ लागतो," आणि बेल्लुचींनी ताबडतोब पाचर मागवली. मशीन ठरल्यापेक्षा चार दिवस आधी सुरू झालं. मॅनेजरांनी उपेंद्रच्या फायलीत 'भाषेवर प्रभुत्व' असा शेरा मारला.

जाण्याच्या आदल्या दिवशी बेल्लुचींनी विचारलं, की हे इटालियन कोणाकडून शिकलात? उपेंद्रनं वही दाखवली. ते उभ्यानंच दोन रस्ते वाचून गेले, मग खुर्ची ओढून बसले आणि बाकीचे नऊ वाचले. शेवटच्या पानावर नाव होतं, रेनातो फियोरुच्ची. ते त्यांनी डायरीत उतरवून घेतलं आणि गुब्योच्या पोस्टमास्तरांना लिहीन म्हणाले.

मार्चमध्ये उपेंद्रच्या नावे पत्र आलं. अक्षर ओळखीचं होतं. उपेंद्रनं दुकानात बाकावर बसून ते नागनाथला मराठीत वाचून दाखवलं. रेनातोनं लिहिलं होतं :

'वही नागनाथकडेच असू द्या. पाचव्या रस्त्यावरचा झरा आटला आहे, एवढी दुरुस्ती करा. मी मातीच्या भांड्यांच्या भट्टीवर कामाला आहे. गुडघा गेल्यामुळे सायकल सुटली. एक विचारायचं आहे. आमच्या बराकीमागून थंडीच्या सकाळी उत्तरेला एक डोंगर दिसायचा. त्यावर सायकलनं, पाय न टेकता जाता येईल असं मी म्हणायचो. बराकीतलाच जुलियो म्हणायचा, अशक्य. जुलियो आता भट्टीत माझ्यासमोरच बसतो आणि अजून तेच म्हणतो. तिथं रस्ता आहे का? कोणी गेलं आहे का?'

"नंदी," नागनाथ म्हणाला. "दुसरा कुठला डोंगर दिसतोय तिथनं?"

"मग काय लिहू?"

"लिहायचं कसं, गेल्याबिगर? रविवारी जाऊ."

उपेंद्र आजवर कारखान्यापलीकडे सायकलनं गेला नव्हता. त्यानं घरी सांगितलं तेव्हा सुलभानं विचारलं, "अहो, त्या गुडघेवाल्याला तुम्ही कोण लागता?"

"विद्यार्थी," उपेंद्र म्हणाला. त्यावर तिनं पोळ्यांची आणखी कणीक भिजवली.

रविवारी पहाटे पाचला ते निघाले. येलहंकाला उजाडलं. देवनहळ्ळीला एका हॉटेलात त्यांनी चार-चार इडल्या खाल्ल्या. घाटाच्या पायथ्याशी पोचेस्तोवर उपेंद्रला सीटवर बसवेना आणि उतरवेनाही. समोर नंदीचा खडक भिंतीसारखा उभा होता.

नागनाथनं धोतराचा काचा घट्ट केला आणि पायडल मारलं. त्याची साधी काळी सायकल, मागं फक्त दाते जास्त असलेलं फ्रीव्हील त्यानं मुद्दाम बसवलेलं. तो रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरका जात, वळत, पुन्हा तिरका जात वर चढू लागला. उपेंद्र दुसऱ्या वळणावर उतरला. पाचव्या वळणानंतर त्याला नागनाथ दिसेनासा झाला. मग तो सायकल ढकलत दीड तास चालला. वाटेत एका मोटारवाल्यानं काच खाली करून 'काय झालं?' म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं नुसतं वर बोट दाखवलं.

नागनाथ वर किल्ल्याच्या दरवाज्यापाशी पायरीवर बसला होता. चेहरा विटेसारखा लाल. ओठांवर मीठ वाळलं होतं.

"टेकला का पाय?" उपेंद्रनं विचारलं.

"एकदाच. माकड आडवं आलं."

"मग?"

"मग काय. टेकला तो टेकला. आहे तसं लिहा."

दोघांनी पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. खाली तळी चकाकत होती. दक्षिणेकडे बेंगळूर नुसतं धुरकट दिसत होतं, छावणीची जागा ओळखणं शक्यच नव्हतं. नागनाथ तरी तिकडंच बघत बसला.

"साहेब," तो म्हणाला, "सायंकाळी काम सुटलं की मी सायकलवर टांग टाकून फाटकाबाहेर पडायचो. तो तारेपाशी उभा राहून बघायचा. चार वर्षं बघितलं त्यानं. एवढा सायकलवाला गडी, पण एक चक्कर मारू दे असं कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तरी कुणी दिली नसतीच, ते त्यालाबी ठाऊक. मी रोज जायचो बघा, त्याच्या समोरनं."

भाजी संपली होती. उपेंद्रनं डबा उगाच पुसून ठेवला.

सोमवारी त्यानं इटालियनमध्ये नंदीचा रस्ता लिहिला. निघण्याची वेळ, पाणी कुठं, वळणं किती, वारा कुठून. माकडाला वहीत शब्द नव्हता, तो शब्दकोशातून घ्यावा लागला.

उत्तर मे महिन्यात आलं. रेनातोचं म्हणणं, माकड म्हणजे काही चढ नव्हे, तेव्हा आपण जिंकलो. खाली जुलियोनं वेगळ्या शाईत लिहिलं होतं : 'पाय म्हणजे पाय.'

नागनाथनं ते दोनदा वाचून घेतलं आणि 'सरी', म्हणजे ठीक, म्हणाला. नंतरच्या रविवारी दुकान बंद होतं. सोमवारी तो पाऊल ओढत चालत होता. उपेंद्रनं विचारलं तर म्हणाला, "अकराव्या वळणावर टेकला." पुढं पाऊस लागला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी उपेंद्रला त्यानं मोटारसायकलवाल्या मित्राच्या मागं बसवून नेलं, कारण लिहून देणाऱ्यानं डोळ्यांनी बघितलेलं बरं.

त्या दिवशी माकडं होती, पण ती कठड्यावरच बसून राहिली. शेवटच्या वळणावर नागनाथची सायकल इतकी हळू झाली की आता पडतोच असं वाटलं. उपेंद्र मागून ओरडणार होता, पण पहिल्या रस्त्यावरची 'बोलू नका' ही सूचना आठवून गप्प राहिला. नागनाथ दरवाज्यातून आत गेला, थोडं अंतर सरळ गेला, आणि मग सायकलीसकट आडवा झाला.

उपेंद्रनं सगळं लिहून खाली सही केली आणि हुद्दाही घातला.

यावेळचं पत्र जुलियोकडून आलं, तेही नागनाथच्या नावे. आत एकच ओळ होती. उपेंद्रनं सांगितलं, "मान्य आहे म्हणतो. आणि विचारतो, उतरताना ब्रेक कसे लागले?"

नागनाथनं हातातला स्पोक खाली ठेवला.

"पुढचे पातळ झालेत म्हणावं," तो म्हणाला. "आणि रेनातोला चहा पाज म्हणावं माझ्याकडनं. लिहा, मी सांगतो."